दुबईचा फोन चालायचा, मग अमेरिकेचा का नाही?

(या भागाचं लिखित रूप. प्रवासात हेडफोन विसरलेल्यांसाठी खास.)



आजचा भाग तुमच्या हातातल्या वस्तूबद्दलच आहे. पण सुरुवात जरा मागून करू. साधारण २००० सालाच्या आसपास ज्या घरातलं कुणी परदेशात होतं, त्या घरात हा प्रकार हमखास घडायचा. दुबईचे किंवा कुवेतचे काका सुट्टीला यायचे. बॅगेत खजूर, अत्तर, टँगचा डबा आणि एक नवाकोरा नोकिया. आपलं सिम घातलं की फोन सुरू! मग अमेरिकेचा मामा यायचा. त्याने आणलेला फोन दिसायला आणखी भारी, पण इथे आल्यावर ठप्प. कधी त्यात सिम घालायला जागाच नसायची, कधी सिम जायचं पण फोन कोड मागायचा, कधी कोडचा प्रश्न सुटला तरी रेंज येत नसे. शेवटी तो फोन शोकेसमध्ये, ताजमहालाच्या शेजारी.

आता विचार करा. अमेरिका जास्त श्रीमंत. मोबाईलचा पहिला हातातला फोनही तिथलाच. ३ एप्रिल १९७३ला मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून पहिला कॉल केला होता. मग तिथला फोन जगात चालत नाही आणि दुबईचा चालतो, हे कसं काय?

हा नुसता गमतीचा प्रश्न नाही. तुमच्यापैकी कुणी मास्टर्ससाठी जर्मनीला निघालंय, कुणी ऑनसाईटला जपानला, कुणी बोटीवर, कुणी पहिल्यांदाच बँकॉकच्या ट्रिपला. परक्या शहरात रात्री अकरा वाजता उतरल्यावर नकाशा, टॅक्सी, बँकेचा ओटीपी, घरमालकाचा नंबर, सगळं त्या एका फोनमध्ये. तो तिथे चालणार की नाही हे ठरतं कशावर? कॅमेऱ्यावर नाही, रॅमवर नाही आणि किमतीवर तर अजिबात नाही. ते ठरतं चाळीस वर्षांत झालेल्या करारांवर आणि भांडणांवर. फोन निवडताना जे जे तपासायला सांगतात, त्या प्रत्येकामागे इतिहासातलं एक भांडण आहे. चला, एकेक बघू.

सीमा आली की फोन मुका

१९८०च्या दशकातला युरोप. मोबाईल म्हणजे तेव्हा मुख्यतः गाडीत बसवलेला जड डबा. आणि प्रत्येक देशाचं तंत्र वेगळं! पश्चिम जर्मनीचं सी-नेट्झ, ब्रिटनचं टॅक्स, फ्रान्सचं रेडिओकॉम २०००. एका देशाचं यंत्र दुसऱ्या देशाची भाषा बोलत नसे. म्युनिकमधला व्यापारी गाडी घेऊन फ्रान्समध्ये शिरला की त्याचा महागडा फोन तिथेच मुका.

याला एक मोठा अपवाद होता. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड या उत्तरेच्या देशांनी मिळून एनएमटी नावाचं एकच तंत्र ठरवलं होतं. १९८१ मध्ये ते तिथे सुरू झालं आणि पुढच्या वर्षापर्यंत चारही देशांत पोचलं. एका देशाचा फोन दुसऱ्या देशात चालायला लागला. आज ज्याला आपण रोमिंग म्हणतो, त्याचं बीज इथलं. कमी लोकवस्तीच्या, बर्फाच्या प्रदेशातल्या या देशांनी मोठ्या देशांना दाखवून दिलं, की आधी एकत्र बसून ठरवलं तर फोन सीमा ओलांडू शकतो.

तेरा देश, एक कागद

१९८२ मध्ये युरोपातल्या टपाल आणि टेलिफोन खात्यांच्या संघटनेने एक समिती नेमली. तिचं फ्रेंच नाव 'ग्रूप स्पेस्याल मोबील', म्हणजे जीएसएम. हो, तुमच्या फोनच्या खोक्यावर वर्षानुवर्षं छापलेली तीन अक्षरं मुळात एका सरकारी समितीचं नाव आहे! त्याचा 'ग्लोबल सिस्टीम' असा इंग्रजी विस्तार नंतर चिकटवला गेला. अध्यक्ष होते स्वीडनचे थॉमस हाउग. काम एकच: सगळ्या युरोपासाठी एक डिजिटल मोबाईल तंत्र ठरवायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण फेब्रुवारी १९८७ मध्ये पोर्तुगालच्या मदैरा बेटावर बैठक झाली तेव्हा दोन तट पडले. बहुतेक देशांना एक पद्धत हवी होती, तर फ्रान्स आणि जर्मनीचा कल दुसऱ्या पद्धतीकडे होता. आपापल्या कारखान्यांचा पैसा त्यात अडकलेला. तंत्रज्ञ काही एकमताला येईनात. अखेर मे महिन्यात बॉनला ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि इटलीच्या मंत्र्यांनी बसून तोडगा काढला.

मग ७ सप्टेंबर १९८७ला कोपनहेगनमध्ये १३ देशांच्या प्रतिनिधींनी एका सामंजस्य करारावर सह्या केल्या. ब्रिटिश सरकारी अधिकारी स्टीफन टेंपल यांनी त्याचा मसुदा लिहिला होता. करारातली मेख बघा: प्रत्येकाने १९९१ पर्यंत आपापल्या देशात नेटवर्क सुरू करायचंच. कारण एकट्याने सुरू करून उपयोग काय? सगळ्यांकडे असेल तरच फोन सीमेपलीकडे चालणार. त्याच वर्षी युरोपीय समुदायाने कायदा करून ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा रेडिओ पट्टा या कामासाठी राखून ठेवला.

१ जुलै १९९१ला फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी राडिओलिन्या कंपनीच्या नेटवर्कवरून पहिला जीएसएम कॉल केला. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, फिनलंडच्या टेलिकॉम फिनलंडचा आणि ब्रिटनच्या व्होडाफोनचा पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार झाला.

माणूस वेगळा, यंत्र वेगळं

जीएसएमची सगळ्यात मोठी करामत म्हणजे सिम. त्याआधी तुमचा नंबर यंत्रातच कोरलेला असायचा. जीएसएमने ग्राहकाची ओळख यंत्रातून काढून एका कार्डावर ठेवली. पहिली सिम क्रेडिट कार्डाएवढी होती! पण कल्पना जबरदस्त: फोन कुठलाही असो, कार्ड घातलं की तो तुमचा.

रोमिंगही यावरच चालतं. तुमच्या सिममध्ये एक लांबलचक क्रमांक असतो, फोन नंबरहून वेगळा. भारतीय सिमचा हा क्रमांक ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो. तुम्ही पॅरिसला उतरून विमानातला मोड बंद केला की फोन तिथल्या टॉवरला हा क्रमांक सांगतो. टॉवरमागची यंत्रणा ओळखते, की हा पाहुणा भारतातला. ती लगेच तुमच्या इथल्या कंपनीला विचारते: हा तुमचाच माणूस का? याची बिलं भरणार का? इथून 'हो' गेलं की तुम्हाला रेंज मिळते. दोन्ही कंपन्यांत करार नसेल, किंवा तुम्ही रोमिंग सुरू करून ठेवलं नसेल, तर उत्तर 'नाही'. कितीही महाग फोन असला तरी मग तो काही करू शकत नाही.

आणि परदेशात आलेल्या कॉलचेही पैसे का लागतात, हे कोडंही इथेच सुटतं. नाशिकहून आईने तुम्हाला कॉल केला, तर ती भारतातल्या नंबरला लावते आणि तेवढेच पैसे भरते. तो कॉल भारतातून पॅरिसपर्यंत ओढत नेण्याचा खर्च तुमच्या नावावर पडतो.

अमेरिका आणि जपान आपल्याच वाटेने

आता अमेरिकेच्या मामाकडे येऊ. अमेरिकेत १९८३ पासून देशभरासाठी एकच जुनं ॲनलॉग तंत्र होतं. म्हणजे युरोपासारखी सीमेची डोकेदुखी तिथे नव्हतीच! दुखत नाही तिथे औषध कोण घेतो? त्यामुळे डिजिटलकडे जाताना सरकारने एक तंत्र लादलं नाही. कंपन्यांनी वेगवेगळी निवडली. त्यातलं एक क्वालकॉमचं सीडीएमए. तंत्र म्हणून ते हुशार होतं, त्यातल्या कल्पना पुढे थ्री-जीमध्ये सगळ्या जगाने घेतल्या. पण अमेरिकेतल्या त्या फोनमध्ये सिम नसायचं. फोन आणि कंपनी यांची गाठ पक्की.

ज्या अमेरिकन कंपन्यांनी जीएसएम घेतलं, त्यांची दुसरी अडचण. युरोपातला ९०० चा पट्टा अमेरिकेत आधीच इतर कामांना दिलेला होता. मग त्यांनी १९०० आणि पुढे ८५० वापरला. आपल्याकडे आणि युरोपात ९०० आणि १८००. एफएम रेडिओवर जे स्टेशन लागतच नाही, त्यावरचं गाणं कितीही छान असलं तरी तुम्हाला ऐकू येणार नाही, तसाच हा प्रकार. १९९९ मध्ये मोटोरोलाने तीन पट्ट्यांचा टाइमपोर्ट काढला, तो व्यावसायिक प्रवाशांसाठीच. पुढे २००४ च्या गाजलेल्या रेझरमध्ये चारही पट्टे आले. तेव्हाच्या जाहिरातीत 'क्वाड-बँड' हा शब्द मिरवला जायचा, त्याचं कारण हे.

जपानने तर जीएसएम घेतलंच नाही. स्वतःचं पीडीसी नावाचं तंत्र १९९३ पासून चालवलं. त्यांचे फोन काळाच्या पुढे होते, इंटरनेट आणि ईमेल आपल्याआधी कितीतरी वर्षं. पण देशाबाहेर ते निकामी आणि बाहेरचा फोन जपानमध्ये निकामी. पुण्याहून जपानी शिकून तिकडे कामाला गेलेल्या इंजिनिअरांना विमानतळावर भाड्याचा फोन घ्यावा लागायचा. जपानी लोकांनी पुढे स्वतःच्याच फोनची थट्टा केली. गालापागोस बेटांवर जसे जगापासून तुटलेले प्राणी वाढले, तसे आपले फोन, म्हणून त्यांना नाव दिलं 'गारा-के'. ऑक्टोबर २००१ मध्ये जपानने थ्री-जी सुरू केलं, ते जगाशी जुळणारं होतं. मग हळूहळू ते दार उघडलं.

भारताने काय निवडलं?

भारताने महानगरांसाठी परवाने काढताना अटच घातली: जीएसएम. ३१ जुलै १९९५ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला मोबाईल कॉल लावला. त्याच वर्षी मुंबईत मॅक्स टच आणि बीपीएल मोबाईल आले. (मॅक्स टचचं पुढे ऑरेंज झालं, मग हच, मग व्होडाफोन आणि आता व्ही. आईबाबांना विचारा, त्यांना सगळी नावं पाठ असतील.) येणाऱ्या कॉललाही तेव्हा पैसे पडायचे, म्हणून लोक नंबर बघून फोन कापायचे आणि पीसीओवरून उलटा कॉल करायचे.

आखाती देशांनीही जीएसएमच घेतलं होतं, तोच ९०० चा पट्टा. वर तिथे फोन रोख पैसे देऊन, कुलुपाशिवाय मिळायचे. मिळालं उत्तर? दुबईच्या काकांचा नोकिया आपल्या घरी चालला, कारण कोपनहेगनच्या त्या कराराने ठरवलेली भाषा दुबईने आणि आपण, दोघांनीही उचलली होती.

पण आपणही एकदा दुसऱ्या वाटेने गेलो. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सने सीडीएमए फोन आणले आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांची योजना काढली. रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत फोन पोचला, ही मोठीच गोष्ट. मात्र सुरुवातीच्या त्या हँडसेटमध्ये सिमच नव्हतं. तो फोन घेऊन मस्कतला नोकरीला जाणाऱ्याला तो घरीच ठेवून जावा लागे. स्वस्त फोन आणि सगळीकडे चालणारा फोन या तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

आकाशातून केलेला प्रयत्न

कुणीतरी म्हणेल, एवढे करार कशाला? सरळ आकाशातूनच सिग्नल द्यायचा! हेही करून झालं. १९८५ मध्ये मोटोरोलाचे इंजिनिअर बॅरी बर्टिगर बहामाला सुट्टीवर होते आणि त्यांच्या बायकोला तिथून घरी फोन लावता येईना, तिथून ही कल्पना निघाली असं सांगतात. नाव ठेवलं इरिडियम, कारण आधी ७७ उपग्रह सोडायचे होते आणि इरिडियमचा अणुक्रमांक ७७. प्रत्यक्षात ६६ वर भागलं.

१ नोव्हेंबर १९९८ला सेवा सुरू झाली. सुमारे पाच अब्ज डॉलर खर्च झालेले. फोनची किंमत ३,००० डॉलरच्या आसपास, मिनिटाला काही डॉलर आणि इमारतीत शिरलात की सिग्नल गायब. ऑगस्ट १९९९ मध्ये, म्हणजे नऊ महिन्यांत, दिवाळं! कारण यंत्रणा तयार होईपर्यंत जमिनीवर जीएसएमचे रोमिंग करार पसरले होते. पुढे फक्त अडीच कोटी डॉलरमध्ये नव्या मालकांनी ती विकत घेतली आणि ती आजही जहाजं, सैन्य, बचाव पथकं यांच्यासाठी चालते.

जाता जाता एक सूचना. परदेशी मित्र भारतात ट्रेकला येत असेल तर त्याला सांगा, परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणणं आपल्याकडे गुन्हा आहे. विमानतळावर पर्यटक पकडले गेलेत.

फोन तुमचा, कुलूप कंपनीचं

मामाच्या फोनचं तिसरं दुखणं म्हणजे कोड. अमेरिकेत कंपनी फोन स्वस्तात द्यायची आणि बदल्यात दोन वर्षांचा करार. ग्राहक पळू नये म्हणून फोनला कुलूप: फक्त आमचंच सिम चालेल. २००७ चा पहिला आयफोनही एटी अँड टीला बांधलेला होता. सतरा वर्षांच्या जॉर्ज हॉट्झने दोन महिन्यांत ते कुलूप तोडलं. आपल्याकडे मुंबईच्या मनीष मार्केटपासून गल्लीतल्या दुकानापर्यंत 'अनलॉक करून मिळेल' अशा पाट्या लागल्या, त्या याच काळात.

जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेत एक विचित्र वळण आलं. कॉपीराइट कायद्यातली सवलत संपली आणि कंपनीच्या परवानगीशिवाय नवा फोन अनलॉक करणं बेकायदा ठरलं. स्वतःच्या पैशाने घेतलेला फोन! एक लाखाहून जास्त लोकांनी व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर अर्जावर सह्या केल्या आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ओबामांच्या सहीने ग्राहकाला हा हक्क परत देणारा कायदा झाला. पुढे कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून, ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकणं थांबवलं. जपाननेही २०२१ मध्ये असाच नियम केला. अमेरिकेत मात्र हप्त्यावर घेतलेल्या फोनला आजही कुलूप असू शकतं.

युरोपाने बिलांनाही लगाम घातला. २००७ मध्ये रोमिंग कॉलवर कमाल दर ठरवला आणि १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात फिरताना घरच्याच दराने फोन वापरता येतो. जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या मुलांनी जर्मन सिमवर पॅरिस, प्राग, रोम फिरावं, ही त्या नियमाची देणगी.

रेंज आहे, पण कॉल लागत नाही

आता आजचं भांडण. यात जिवावर बेतू शकतं, म्हणून जरा नीट ऐका.

फोर-जी मुळात फक्त डेटासाठी बांधलं गेलं. साधा कॉल आला की फोन गुपचूप थ्री-जी किंवा टू-जीवर उतरायचा. आपल्याकडे टू-जी अजून चालू आहे, त्यामुळे आपल्याला हे जाणवतही नाही. पण जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, ऑस्ट्रेलियात टू-जी केव्हाच बंद झालं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्री-जी बंद केलं. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये. तिथे कॉल करायचा तर एकच वाट: व्होल्टी, म्हणजे फोर-जीवरूनच आवाज. आणि व्होल्टी चालायला फोनमधलं सॉफ्टवेअर त्या त्या कंपनीशी जुळावं लागतं.

परिणाम काय? फोनवर फोर-जीच्या काड्या दिसतात, व्हॉट्सॲप चालतं, पण साधा कॉल लागत नाही. ऑस्ट्रेलियात तर सरकारने नियम केला, की जो फोन ००० या आणीबाणीच्या नंबरला कॉल लावू शकत नाही, तो कंपनीने नेटवर्कवर घ्यायचाच नाही. कारण रस्त्यात अपघात झाला आणि हातातल्या फोनवरून अँब्युलन्स लागली नाही, तर त्या फोनवर विसंबलेला माणूस जिवाला मुकेल. नियम योग्यच, पण बाहेरून आणलेले काही चांगले फोन त्यात अडकले. अमेरिकेत एटी अँड टीनेही कोणते फोन चालतील याची यादी केली. नातवंडांना भेटायला निघालेल्या आजीच्या पिशवीतला टू-जीचा बटणांचा फोन तिथे फक्त घड्याळ म्हणून उपयोगी.

सिम पुन्हा यंत्रात शिरलं

आणि ताजी कलाटणी: ई-सिम. २०२२ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ मधून सिमची जागाच गेली. उलट चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये अनेक वर्षं ई-सिम नव्हतं, दोन कार्डांची जागा होती.

प्रवाशाला ई-सिम सोयीचं आहे. घरूनच तिथला प्लॅन घ्या, उतरल्या उतरल्या इंटरनेट सुरू. पण इतिहास आठवा. सिमने माणसाची ओळख यंत्रापासून सोडवली होती. फोन फुटला तर कार्ड काढून मित्राच्या फोनमध्ये घालता यायचं, कुणाला विचारावं लागत नव्हतं. ई-सिम हलवायचं तर कंपनीची यंत्रणा 'हो' म्हणायला हवी. किल्ली थोडी का होईना, परत कंपनीकडे सरकली आहे.

मग फोन निवडायचा कसा?

एवढं ऐकलंत, आता कामाचं लिहून घ्या.

एक, बँड. नुसतं फोनचं नाव बघू नका, मॉडेल क्रमांक बघा. एकाच नावाचा फोन भारतात, अमेरिकेत, चीनमध्ये वेगवेगळ्या बँडचा असतो. ज्या देशात जाताय तिथली कंपनी आधी ठरवा आणि तिचे बँड फोनच्या यादीशी ताडून बघा. उदाहरणार्थ, युरोपात ३, ७, २० हे फोर-जी बँड खूप वापरतात, अमेरिकेत २, ४, १२, १३, ६६. भारतासाठी बनलेल्या स्वस्त फोनमध्ये अमेरिकेचे काही बँड नसणं अगदी शक्य आहे.

दोन, कुलूप. नातेवाइकांकडून किंवा जुना फोन घेताना आधी विचारा. आयफोनमध्ये सेटिंग्जच्या 'जनरल' मधल्या 'अबाउट' मध्ये 'कॅरिअर लॉक' अशी ओळ असते. अँड्रॉइडवर दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा.

तीन, व्होल्टी. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाला जास्त काळासाठी जात असाल तर तिथल्या कंपनीच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का ते बघाच. नसेल तर फोन तिथे जाऊन घ्या.

चार, दोन नंबरांची सोय. भारतीय नंबर बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत राहायला हवा. निघण्याआधी रोमिंग सुरू करा, रिचार्ज संपू देऊ नका. त्या नंबरचा डेटा बंद ठेवा, दुसऱ्या जागेवर तिथलं सिम किंवा ई-सिम घ्या. मला विचाराल तर भारतीय नंबर कार्डावर आणि परदेशी नंबर ई-सिमवर, ही जोडी सध्या सगळ्यात सुटसुटीत.

पाच, त्या देशाचे नियम. तुर्कस्तानात बाहेरचा फोन तिथल्या सिमवर १२० दिवसांनंतर नोंदणीशिवाय बंद होतो. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, पण कॉल चालत नाहीत. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर आई रात्रभर जागी.

चार्जरची काळजी करू नका. बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, फक्त पिनेचा ॲडाप्टर घ्या.

बघा, या पाचही मुद्द्यांत फोनचा ब्रँड कुठेच आला नाही. आपल्या फोनला सीमा ओलांडता येते, कारण एकमेकांशी स्पर्धा करणारे लोक एका टेबलावर बसले आणि कुणीतरी आपला हट्ट सोडला. जिथे हट्ट सुटला नाही, तिथे फोन शोकेसमध्ये गेला. हे कायमचं मिळालेलं नाही. प्रत्येक नव्या जीच्या वेळी, प्रत्येक नव्या सिमच्या वेळी ते पुन्हा ठरतं. आता सिक्स-जीची बोलणी सुरू आहेत आणि यावेळी त्या टेबलावर भारतही आहे.

तर आजचा गृहपाठ: *#०६# डायल करा. जो पंधरा आकडी क्रमांक दिसेल, तो तुमच्या यंत्राचा आयएमईआय. प्रवासाला निघण्याआधी तो कागदावर लिहून पासपोर्टबरोबर ठेवा. फोन हरवला तर पोलीस पहिल्यांदा तोच विचारतील.

तुमच्या घरच्या शोकेसमध्ये असा एखादा न चाललेला फोन असेल, तर त्याचा फोटो आम्हाला पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि हो, चार्जर विसरू नका!